दुरुस्तीनंतर गाडीचा अ‍ॅव्हरेज पडला? आधी ‘काय बदललं’ ते शोधा

हा भाग ऐकलेल्या बऱ्याच जणांना आकडे एका जागी लिहून हवे होते, म्हणून हे लिखित रूप. ज्यांनी ऐकला नाही त्यांनी सरळ वाचायला घ्या, काही अडणार नाही.

आजचा विषय आपल्यापैकी अनेकांच्या घरी कधी ना कधी येतो. गाडी गॅरेजला जाते, दुरुस्त होऊन परत येते, चालतेही छान. आवाज नाही, धूर नाही, चेक इंजिनचा दिवा नाही. पण पुढच्या दोन-तीन टाक्यांत लक्षात येतं, ही पेट्रोल जास्त पितेय. मग सल्ले सुरू होतात. एक म्हणतो इंजेक्टर साफ कर, दुसरा म्हणतो सेन्सर गेला, तिसरा म्हणतो आता सगळीकडे इथेनॉलच आहे, सोडून दे. आणि घरात हळूच एक वाक्य येतं: “त्या गॅरेजवाल्याने काहीतरी केलं.”

मी गाड्यांचा इंजिनिअर नाही, सॉफ्टवेअरचा आहे. पण आमच्या कामात रोज येणारा प्रश्न असाच असतो: काल चालत होतं, आज चालत नाही. तिथे आम्ही एकच गोष्ट आधी विचारतो, काल आणि आजमध्ये काय बदललं? आमच्या घरच्या गाडीचा अ‍ॅव्हरेज पडला तेव्हा हीच पद्धत लावली. त्यातून जे कळलं ते सांगतो.

केस काय होती

गाडी पेट्रोल हॅचबॅक, एमएच १९ पासिंग, दहा वर्षं जुनी. ताई धुळ्याला दिलीय, त्यामुळे पप्पा दर आठवड्याला जळगाव-धुळे जाऊन येतात. पाळधी, एरंडोल, पारोळा, धुळे. जुना राष्ट्रीय महामार्ग ६, आताचा ५३. जायला नव्वदेक किलोमीटर, यायला तेवढेच. शहरातलं फिरणं धरून महिन्याला साधारण हजार किलोमीटर.

मे महिन्यात भर दुपारी पारोळ्याजवळ गाडीचा काटा लाल रेषेला गेला. पप्पांनी गाडी बाजूला घेतली, टोचण करून जळगावला आणली. गॅरेजवाल्यांनी दोन दिवसांत गाडी दिली, पुन्हा गरम झाली नाही. सगळे खूश. पण आधी १७.६ चा असलेला अ‍ॅव्हरेज त्यानंतरच्या तीन टाक्यांना १३.६, १३.२ आणि १३.४ आला.

आता हिशोब करा. हजार किलोमीटरला १७.६ ने ५६.८ लिटर लागतात, १३.४ ने ७४.६ लिटर. जवळपास १८ लिटर जास्त. लिटरला १०५ रुपये धरले तर महिन्याला साधारण १८७० रुपये. निवृत्त माणसाला हा आकडा लागतो. पप्पांनी एकदा बोलूनही दाखवलं, “दर आठवड्याऐवजी पंधरा दिवसांनी जाऊ आता.” दुसऱ्या एका गॅरेजने न तपासताच सांगितलं, इंजेक्टर, ऑक्सिजन सेन्सर आणि कॅटकॉन बदला, २२ हजार.

२२ हजारांच्या आधी काय काय तपासता येतं, ते आता बघू.

पायरी १: खरंच पडलाय का?

सगळ्यात आधी घसरण सिद्ध करायची. डॅशबोर्डवरचा अ‍ॅव्हरेज इथे पुरावा म्हणून चालत नाही. दुरुस्तीत बॅटरीची वायर काढली असेल तर तो आकडा शून्यापासून सुरू झालेला असतो. शिवाय बॅटरी निघाली की अनेक गाड्यांत ईसीयूने शिकून ठेवलेल्या बारीकसारीक दुरुस्त्याही पुसल्या जातात आणि त्या परत शिकायला थोडं चालवावं लागतं. म्हणून पहिल्या शे-दोनशे किलोमीटरवरून निकाल देऊ नका.

कंपनीच्या जाहिरातीतल्या आकड्याशीही तुलना नको. तो आकडा प्रयोगशाळेत, रोलरवर गाडी ठेवून, ठरलेल्या चक्राने काढतात. पुण्याची एआरएआय ही संस्था अशा चाचण्या करते. त्या जुन्या भारतीय चक्रात कमाल वेग ९० आहे, आणि एरंडोलचं ऊन त्यात नाही. तुलना करायची ती आपल्याच गाडीच्या जुन्या आकड्याशी.

खात्रीची पद्धत जुनीच: टाकी फुल, किलोमीटर लिहा, चालवा, परत टाकी फुल, भागाकार करा. पण यात एक खाच आहे. ‘फुल’ म्हणजे नक्की किती, यात सहज एखाद्या लिटरचा फरक पडतो. दहाच लिटर जाळून मोजलं तर एका लिटरची चूक म्हणजे १० टक्के. तीस लिटर जाळून मोजलं तर तीच चूक ३ टक्के. म्हणून टाकी बऱ्यापैकी रिकामी होऊ द्या, शक्यतो तोच पंप, तेच नोझल, पहिल्या कटऑफला थांबा, वरून ‘राउंड फिगर’ करू नका. आणि दोन-तीन टाक्यांची बेरीज घ्या.

आमच्याकडे नशीब असं की पप्पांची वही आहे. तारीख, किलोमीटर, लिटर. जानेवारी ते एप्रिल अकरा नोंदी, सगळ्यात कमी १६.९, सगळ्यात जास्त १८.३. म्हणजे नेहमीचा चढ-उतार जेमतेम दीडचा आहे. १३.४ हा त्या पट्ट्यात कुठेच बसत नाही. ही वही नसती तर आम्ही “पडला वाटतं” एवढ्यावरच भांडत बसलो असतो.

अजून दोन गोष्टी बघायच्या. टायर बदलले असतील तर साइज तीच आहे का? टायरचा घेर ३ टक्के मोठा झाला तर मीटर ३ टक्के कमी किलोमीटर दाखवतो, आणि पेट्रोल तेवढंच जळूनही अ‍ॅव्हरेज कमी दिसतो. हायवेवर किलोमीटरचे दगड आणि फोनचं जीपीएस घेऊन वीस किलोमीटर ताडून बघितलं की हे कळतं.

दुसरी गोष्ट खास आपल्या खान्देशची. वारा. साक्री तालुक्यात पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत. उन्हाळा संपता संपता आणि पावसाळ्यात पश्चिमेकडून जोराचा वारा असतो, आणि जळगावहून धुळ्याला जाताना आपण पश्चिमेलाच तोंड करून जातो. हवेची ओढ वेगाच्या वर्गाने वाढते. ७० ने जाताना समोरून २० चा वारा असेल तर गाडीला हवा ९० ची लागते. ९० भागिले ७० चा वर्ग, म्हणजे हवेची ओढ साधारण १.६५ पट. म्हणून एका बाजूचं मोजू नका, जाऊन-येऊन मोजा.

मग इथेनॉल?

हा प्रश्न येणारच. २०२५ पासून देशभरातल्या पंपांवर सर्रास ई२० मिळतं, म्हणजे २० टक्के इथेनॉल. एका लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. २० टक्क्यांच्या एक तृतीयांश म्हणजे ६-७ टक्के. नीती आयोगाने २०२१ साली जो आराखडा काढला त्यातही हाच अंदाज आहे: मुळात शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई१० साठी जुळवलेल्या चारचाकीत ६-७ टक्के घट, ई१० साठी बनवून ई२० साठी जुळवलेल्या चारचाकीत १-२ टक्के.

आता आमचा आकडा बघा. १७.६ वरून १३.४ म्हणजे जवळपास २४ टक्के. शिवाय जानेवारी ते एप्रिल गाडी त्याच पंपावरचं तेच पेट्रोल पीत होती. ई२० मुळे अ‍ॅव्हरेज कमी होतो हे खरंच, पण ते दुरुस्तीच्या तारखेला नेमकं जागं होत नाही. म्हणून ते नाव यादीतून खोडलं.

पायरी २: बिल म्हणजेच पुरावा

सॉफ्टवेअरमध्ये कोणी कोणती ओळ बदलली याची नोंद असते. गाडीत ती नोंद म्हणजे बिल. ते नीट वाचा, आणि जे बिलात नाही तेही विचारा. एखादा भाग काढायला वाटेत दुसरं काय काय उघडावं लागलं? कोणती होज काढली? कोणतं कनेक्टर सोडवलं? ऑइल कोणत्या ग्रेडचं टाकलं? पातळ ऑइलसाठी बनवलेल्या इंजिनात “जुनी गाडी आहे” म्हणून जाड ऑइल टाकलं तर त्याचाही भार पडतो.

आमच्या बिलात होतं: रेडिएटर साफ, नवीन कूलंट, मागचे ब्रेक लायनर, एअर फिल्टर, मजुरी. पाच ओळी. पप्पांची एक सवय इथे कामी आली, ते जुना माल नेहमी परत मागून घेतात. डिकीत एका पिशवीत जुने लायनर, जुना फिल्टर होता. आणि एक पितळी रंगाची, झाकणासारखी स्प्रिंगवाली वस्तू होती, जिचा बिलात उल्लेखच नव्हता. तो थर्मोस्टॅट वॉल होता. तिच्याकडे नंतर येऊ.

पायरी ३: ओढ वाढली की जाळणं बिघडलं?

मोजमाप बरोबर असेल तर कारणं दोनच खात्यांत पडतात. एक, गाडी ढकलायला जास्त जोर लागतोय. दोन, तेवढ्याच जोरासाठी इंजिन जास्त पेट्रोल जाळतंय. हे दोन वेगळे केले की अर्धं काम झालं.

आधी ओढ बघा, कारण ती फुकट तपासता येते.

हवा: चारी टायरची हवा थंड असताना, दरवाजावरच्या स्टिकरप्रमाणे. आमच्या पुढच्या दोन टायरमध्ये ३३ ऐवजी २६ होती. भरली. अ‍ॅव्हरेज १३.८. म्हणजे हे मुख्य कारण नाही.

ब्रेक: नवीन लायनर किंवा पॅड बसवले, किंवा हँडब्रेकची केबल ताणली, की एखादं चाक किंचित घासत राहू शकतं. किती फरक पडतो याचं ढोबळ गणित करू. हजार किलोची गाडी सपाट रस्त्यावर ६० ने चालवायला टायरची आणि हवेची ओढ मिळून साधारण २३ किलोचा जोर पुरतो. एकाच चाकाच्या ब्रेकने ३ किलोची ओढ लावली तर काम आठव्या हिश्शाने वाढलं. आणि ती ओढ उष्णतेत जाते, साधारण ५०० वॉट. घरची इस्त्री हजार वॉटची धरा. म्हणजे चाकात अर्धी इस्त्री सतत चालू.

म्हणूनच ब्रेकची तपासणी तापमानाने करतात. वीसेक किलोमीटर जा, शेवटी ब्रेक कमीत कमी वापरून गाडी थांबवा आणि इन्फ्रारेड थर्मामीटरने चारी चाकं बघा. हात लावू नका, भाजेल. डाव्या-उजव्या चाकात मोठा फरक दिसला तर ते चाक घासतंय. आमचं मागचं उजवं ५८ अंश, मागचं डावं ९५. मग गॅरेजमध्ये जॅकवर चाक उचलून फिरवलं. उजवं दोन फेरे आरामात फिरलं, डावं अर्ध्या फेऱ्यात थांबलं. लायनर जास्त जवळ बसवले होते. सैल करायला दहा मिनिटं लागली.

हे फक्त पेट्रोलचं प्रकरण नाही, हे लक्षात ठेवा. घासणारा ब्रेक तापत जातो, आणि उतारावर, जसं चाळीसगावच्या पुढे कन्नड घाटात, त्याच ब्रेकवर आपण अवलंबून असतो. ब्रेक ऑइल उकळलं की पेडल खाली जातं आणि गाडी थांबत नाही. अ‍ॅव्हरेजची तक्रार कधी कधी अशा मोठ्या गोष्टीची पहिली खूण असते.

पुढच्या दोन टाक्या: १५.४. सुधारला, पण १७.६ नाही.

इथे बरेच जण थांबतात. “कारण सापडलं” म्हणतात. पण वहीत अजून दोनपेक्षा जास्तचा फरक शिल्लक आहे, म्हणजे अजून एक कारण आहे. एकाच दुरुस्तीतून दोन गोष्टी बिघडू शकतात. म्हणूनच एका वेळी एकच बदल करायचा, आणि प्रत्येक बदलानंतर मोजायचं. सगळं एकदम बदललं असतं तर कशाने किती फरक पडला हे कधीच कळलं नसतं.

पायरी ४: गाडीलाच विचारा

आता जाळण्याचं खातं. भारतात २०१३ नंतरच्या बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगखाली एक सॉकेट असतं, ओबीडीचं. त्यात लावायचं छोटं ब्लूटूथ यंत्र ऑनलाइन हजार रुपयांच्या आत मिळतं, आणि फोनवर फुकट अ‍ॅप आहेत. गाडी चालवताना आकडे बाजूच्या माणसाने बघायचे, चालवणाऱ्याने नाही.

तीन आकडे बघा.

पहिला, फ्युएल ट्रिम. ईसीयू ठरलेल्या हिशोबाने पेट्रोल सोडतं, मग सायलेन्सरकडचा ऑक्सिजन सेन्सर सांगतो जास्त झालं की कमी, आणि ईसीयू दुरुस्ती करतं. ती दुरुस्ती म्हणजे ट्रिम. आईने भाजीत अंदाजाने मीठ टाकावं आणि चाखून थोडं वाढवावं, तसं. शून्याच्या आसपास, पाच-सात टक्के इकडे-तिकडे असेल तर ठीक. सतत मोठा अधिक आकडा म्हणजे कुठूनतरी न मोजलेली हवा आत येतेय, जसं एअर फिल्टर बदलताना होजचा क्लॅम्प नीट बसला नाही, किंवा पेट्रोलचा दाब कमी आहे. मोठा उणे आकडा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, जसं इंजेक्टर गळतोय. आमचा आकडा अधिक दोन. म्हणजे इंजेक्टर आणि सेन्सर बदलायला सांगणाऱ्या त्या २२ हजारांच्या सल्ल्याला गाडीकडून तरी दुजोरा मिळाला नाही.

दुसरा, लूप. ‘क्लोज्ड लूप’ म्हणजे ईसीयू ऑक्सिजन सेन्सरचं ऐकतंय. इंजिन थंड असताना ते ऐकत नाही, ठरलेलं जास्तीचं पेट्रोल देतं. गरम झालं की ऐकायला लागतं. आमचं ऐकत होतं, पण त्याला नेहमीपेक्षा बराच उशीर लागत होता.

तिसरा, कूलंटचं तापमान. इथे उत्तर मिळालं. इंजिन गरम झाल्यावर हा आकडा साधारण ८५ ते ९५ च्या पट्ट्यात स्थिर राहायला हवा. सकाळी सहाला धुळ्याकडे निघालो, पाळधी गेलं, एरंडोल गेलं, आकडा ६४ ते ६८. धुळ्यात शहरात शिरलो, गर्दीत अडकलो, तेव्हा ८० च्या वर गेला. परत हायवेला लागलो, परत खाली. वेग वाढला की थंड, थांबलं की गरम. म्हणजे तापमानावर कोणाचा ताबाच नाही.

थर्मोस्टॅट वॉल नक्की काय करतो

इंजिनातून रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याच्या वाटेवर हा छोटा दरवाजा असतो. आत मेणाची डबी. इंजिन थंड असताना दरवाजा बंद, कूलंट इंजिनातच फिरतं, लवकर गरम होतं. साधारण ८२ ते ८८ अंशांना मेण वितळून फुगतं, दरवाजा उघडतो, कूलंट रेडिएटरला जातं. वीज नाही, सेन्सर नाही, फक्त मेण.

हा काढून टाकला की कूलंट पहिल्या सेकंदापासून रेडिएटरमधून फिरतं. हायवेवर समोरून वारा, मग इंजिन कधी पुरतं गरमच होत नाही. त्याचा परिणाम तीन ठिकाणी होतो. ऑइल जाड राहतं, घर्षण वाढतं. सिलिंडरच्या थंड भिंती ज्वलनाची उष्णता जास्त खातात. आणि ईसीयूला वाटतं अजून इंजिन थंडच आहे, म्हणून ते आयडलिंग चढं ठेवतं आणि जास्तीचं पेट्रोल देण्याचा काळ लांबवतं. वर्षानुवर्षं असं चाललं तर इंजिनाची झीजही वाढते. काही गाड्यांत अशा वेळी पी ०१२८ हा कोड येतो, काहींत दिवा लागतच नाही. आमच्यात नाही लागला.

तुम्ही म्हणाल, जळगावच्या उन्हात इंजिन थंड कसं राहील? बाहेर ४५ म्हणजे आपल्यासाठी भट्टी. पण इंजिनाला हवेत ९०. त्याच्या हिशोबाने जळगावचा मे महिनासुद्धा गारच आहे. आणि डिसेंबरच्या पहाटे तर विचारूच नका.

गॅरेजवाल्या काकांशी बोलणं

आता हातात आकडे होते. काकांकडे गेलो. वही दाखवली, फोनवरचा आलेख दाखवला, पिशवीतला वॉल समोर ठेवला.

काका म्हणाले, “भाऊ, मे महिन्यात इथे पारा कुठे जातो तुला माहितेय. वॉल परत बसवला असता आणि तुझे पप्पा पुन्हा पारोळ्याला उभे राहिले असते, तर तू मला काय म्हटला असता? आम्ही उन्हाळ्यात किती गाड्यांचे काढतो.”

त्यात तथ्य होतं. त्यांच्या डोळ्यांसमोर उन्हात अडकलेला माणूस होता. अ‍ॅव्हरेजची तक्रार दोन महिन्यांनी येते, आणि बहुतेक वेळा येतच नाही, कारण कोणी वही ठेवत नाही.

मी म्हटलं, “काका, हा जुना वॉल तपासू या का?” त्यांनी एका डब्यात पाणी उकळायला ठेवलं, वॉल तारेने टांगून सोडला. पाणी खळखळ उकळलं, वॉल तसाच बंद. म्हणजे गाडी गरम झाली ती या अडकलेल्या वॉलमुळे. काढल्यावर गाडी बरी झाली, म्हणून काढणं बरोबर वाटलं. खरं उत्तर होतं नवीन बसवणं.

नवीन वॉल आणला, तोही त्याच डब्यात टाकून बघितला. पाणी तापत गेलं तसा हळूहळू उघडला, बाहेर काढल्यावर मिटला. मग बसवला. वॉल, गॅस्केट, कूलंट धरून बाराशे रुपये. मजुरी काकांनी घेतली नाही. “गाडी बरी शे ना आता?” एवढंच फोनवर विचारलं.

त्यानंतर कूलंट हायवेला ८८ ते ९१. पुढच्या तीन टाक्या: १७.०, १७.४, १७.२. तोवर पाऊस सुरू झाला होता, एसी कमी लागत होता, त्यामुळे यातला थोडा वाटा हवामानाचाही धरा. पण ६६ चं तापमान ९० झालं, हे पावसाने झालेलं नाही. आणि पप्पांचं दर आठवड्याचं धुळे चालू आहे.

तुमच्या गाडीसाठी क्रम

स्क्रीनशॉट काढायचा असेल तर हा भाग काढा.

१. दुरुस्तीआधीचे आकडे शोधा. वही नसेल तर पंपाची यूपीआय पेमेंट बघा, महिन्याचा खर्च तरी कळेल.

२. दोन-तीन टाक्या नीट मोजा. जाऊन-येऊन, त्याच पंपावर.

३. बिल वाचा, जुना माल मागा, “अजून काय उघडलं, काय काढलं?” असं सरळ विचारा.

४. टायरची साइज, हवा, अलाइनमेंट.

५. चारी चाकांचं तापमान, जॅकवर चाक फिरवून बघणं.

६. ओबीडी लावून कूलंट तापमान, ट्रिम, लूप. एखादं कनेक्टर सुटलं असेल तर इथे कोड दिसेल.

७. ऑइलची ग्रेड, क्लॅम्प, प्लग.

८. यातलं सगळं बरोबर निघालं, तरच इंजेक्टर, सेन्सर, कॅटकॉन असे महाग भाग.

एका वेळी एकच बदल. प्रत्येक बदलानंतर मोजमाप. आणि एक इशारा: इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका, उकळतं पाणी अंगावर येतं. रेडिएटरमध्ये बोअरचं जड पाणीही भरू नका, आत क्षार साचतात आणि गाडी पुन्हा गरम होते.

गॅरेजवाल्याशी बोलताना “तुम्ही गाडी बिघडवली” असं म्हटलं की संवाद संपतो. “आधी १७.६ होता, आता १३.४ आहे, हायवेला कूलंट ६६ दाखवतं” असं म्हटलं की तो स्वतःच बॉनेट उघडतो. त्यालाही कोडं सोडवायला आवडतं, फक्त आपण त्याला आकडे द्यायला हवेत.

तर आज घरी जाऊन गाडीत एक छोटी वही ठेवा, नाहीतर फोनमध्ये एक नोट बनवा. तारीख, किलोमीटर, लिटर, तीन रकाने. तुमच्या गाडीत दुरुस्तीनंतर असं काही झालं असेल तर आकड्यांसकट लिहून पाठवा, एखादी चांगली केस पुढच्या भागात घेऊ. भेटू या, तोवर टायरची हवा तेवढी बघून घ्या!